पहिला आला, दार लागलं

सरांनी कुलूप लावलं की आम्ही बाकीचे मास्तर शाळेच्या फाटकापर्यंत जायचो आणि तिथं थांबायचो. सर परत जाणार हे ठरलेलंच असायचं. ते जायचे, कुलूप दोन्ही हातांनी ओढायचे, खाली-वर हलवायचे, मग दाराला कान लावायचे. कान कशाला लावायचे ते त्यांचं त्यांना ठाऊक. आत होतं काय? दोन मोडकी बाकं, एक कपाट, स्पिरिटच्या वासाच्या बरण्या आणि पावसाळ्यात टोपलीखाली झाकलेले बेडूक. बेडूक काही कुलूप तोडून पळणारे नव्हते. पण फाटकाशी आले की सरांच्या चेहऱ्यावर पुन्हा तीच शंका.

“गुरुजी, मी लावलं नं?”

“लावलं सर. मी पाह्यलं.”

“तुम्ही पाह्यलं. पण मी हात लावून पाह्यलं का, ते मले आठवून नाही राह्यलं.”

आणि स्वारी परत.

मी स्वतः काही कमी काळजीखोर नाही. एसटी चुकेल म्हणून तासभर आधी फाट्यावर जाऊन उभा राहणारा माणूस मी. आमची याडी, म्हणजे आई, म्हणायची, ह्याले सुख दिलं तरी हा ते उलटं करून पाहीन खाली छेद आहे का म्हणून. पण सरांपुढं मी अगदी बिनघोर ठरायचो. किल्ली ते काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घालायचे, आणि बोलता बोलता हात सारखा सदऱ्याच्या आत जायचा, किल्ली आहे का बघायला.

ही साठ सालानंतरची गोष्ट. महागावकडच्या एका मोठ्या गावात हायस्कूल नवीनच निघालं होतं. मी गणित शिकवायचो, सर विज्ञान. मी जवळच्याच तांड्यावरचा, आमच्या तांड्यातला पहिला मॅट्रिक. सर नागपूरहून बी.एस्सी. होऊन आलेले. छप्पनच्या दसऱ्याला त्यांच्या घरच्यांनी नागपुरात दीक्षा घेतलेली. गावात त्यांना खोली मिळाली नाही. तोंडावर कोणी वाईट बोललं नाही हो, सगळे गोडच बोलले. “खोली आहे नं सर, पण तिच्यात कापूस भरला आहे.” हे ऐन जेठात, जेव्हा अख्ख्या तालुक्यात वातीपुरता कापूस सापडला नसता. शेवटी सर शाळेतच, प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत राहायला लागले. त्यावर मी चिडून काही बोललो की ते म्हणायचे, “जाऊ द्या नं गुरुजी. ज्याचं दार त्याची कडी.”

त्यांचा लाडका शब्द ‘नक्की’. वर्गात पोट्ट्यानं सांगितलं, सूर्य पूर्वेला उगवतो, तर सर विचारणार, “नक्की? आज पाह्यलं का तू?” पोट्टं म्हणायचं, नाही सर, झोपलो होतो. “मंग असं सांग की पुस्तकात तसं लिहिलं आहे.” त्यांच्या तासाला चुकीचं उत्तर चालायचं, पण न पाहिलेलं उत्तर चालत नसे.

आणि दुसरी खोड अशी, की सरांना अर्धं बोलताच यायचं नाही. एकदा शाळा तपासायला साहेब आले. हेडमास्तरांना विचारलं, मुलांना प्यायला पाणी आहे का. हेडमास्तर म्हणाले, आहे साहेब. गोष्ट तिथंच मिटली होती. पण सर मागून पुढं आले आणि म्हणाले, “आहे साहेब. पण उन्हाळ्यात नसते. आन आता जे आहे त्याच्यात डासाच्या अळ्या आहेत. काचेखाली धरून दाखवू का?” हेडमास्तरांचा चेहरा कारल्यासारखा झाला. मुलगी बघायला गेले तिथंही हेच. मुलीच्या बापानं नुसतं विचारलं, तब्येत बरी असते ना? बाकीच्यांनी काय सांगितलं असतं? सरांनी आपल्या काकाच्या क्षयापासून सुरुवात केली. मुलीकडच्यांनी चहासुद्धा घाईघाईत पाजला. सर परत आले आणि मला म्हणाले, “विचारलं म्हणून सांगितलं.” लग्न राहिलं ते राहिलंच.

आता बुधवारच्या बाजाराचं सांगतो, कारण सगळं तिथून सुरू झालं. पावसाळ्यात सर बाजाराच्या दिवशी शाळेच्या भिंतीला लागून छत्री उघडून बसायचे. एका बाजूला कासारीण, दुसऱ्या बाजूला सुकट विकणारा, आणि मध्ये उपड्या खोक्यावर शाळेचं मायक्रोस्कोप. “या, पाहा. पैसे नाही.” लोकांना वाटायचं, हा शेवटी औषध विकणार. औषध काही निघायचं नाही, निघायचं ते बेडकीचं बीज, म्हणजे अंडं. मोहरीच्या दाण्याएवढं, अर्धं काळं, अर्धं पांढरं. बशीत अशी थोडी बीजं, आणि वर नराच्या पाण्याचा एक थेंब. तोच थेंब काचेखाली पाहिला की आत नुसती वळवळ दिसायची.

सर त्या वेळी वेगळेच व्हायचे. एरवी चाचरत बोलणारा माणूस, पण तिथं आवाज असा सुटायचा की कासारीण बांगड्या भरायची थांबायची.

“हे सगळे एकाच घरावर धडका देऊन राह्यले. हजारो आहेत. आन घरात जागा किती? एकाची. पहिला आला, त्यानं डोकं टेकवलं, की तुमची पापणी लवायच्या आत बीजाचं अंग पालटते. दुसऱ्याले आत शिरताच येत नाही. ही झाली कच्ची कडी. ती कशी लागते हे अजून जगात कोनाले नक्की ठाऊक नाही. मंग पक्कं कुलूप. बीजाच्या सालीखाली बारक्या बारक्या पिशव्या भरून ठेवल्या असतात. त्या फुटतात, साल उचलून वर येते, कडक होते. आता बाहेरचा कितीही मोठ्या घरचा असो, बाहेरच. पहिला आला, दार लागलं.”

मग बशीतली बीजं हळूहळू आपोआप वळायची आणि सगळ्यांची काळी बाजू वर यायची. हे नुसत्या डोळ्यांनाही दिसायचं. बाया तोंडाला पदर लावून हसायच्या, म्हातारे म्हणायचे, मास्तरला दुसरं काही सुचत नाही, भर बाजारात हे काय. पण बघितल्याशिवाय कोणी जात नसे.

एकदा कोणीतरी विचारलं, दोन शिरले तर?

“तर सत्यानाश. बीज जुनं झालं असलं तर कधी कधी दार उशिरा लागते, मंग दोन शिरतात. दोघांचं सामान एका घरात मावत नाही. बीज वाकडंतिकडं फाटते आन सडून जाते.” आणि जरा थांबून, आवाज खाली आणून, “एक ध्यानात ठेवा. हे दार बाहेरून कोनी लावत नाही. हे आतून लागते. बीज स्वतः लावते.”

त्या दिवशी गर्दीत माझा जावई होता, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा, जमनीचा नवरा. पलीकडच्या तांड्यावरचा. बैलांसाठी कासरे घ्यायला बाजारात आलेला. जमनी तेव्हा पहिलटकरीण, दिवस भरत आलेले, म्हणून आमच्याकडंच होती. जावयानं काचेला डोळा लावला तो बराच वेळ काढेना. मग सरांना विचारलं, “मंजे एकच?”

“एका बीजात एकच. दुसऱ्याले प्रवेश नाही.”

त्यानं मान डोलावली, दुसऱ्यांदा बघितलं आणि गेला. मला तर आनंद झाला होता, जावई सरांशी दोन शब्द बोलला म्हणून. अडाणी माणूस, पण काही शिकून जाईल.

शिकून गेला बाप्पा, चांगलाच शिकून गेला.

पोळ्याच्या सुमाराला जमनीला जुळ्या पोरी झाल्या. एक गोरी, भाकरीच्या पिठासारखी. दुसरी सावळी. दोघी एकमेकींसारख्या अजिबात नाहीत. तांड्यात गूळ वाटला. जावई बघायला आला, दोन्ही पोरींकडं आळीपाळीनं बघत राहिला, गुळाला हात लावला नाही आणि न बोलता उठून गेला. मागून निरोप आला. निरोप असा: शाळेतल्या मास्तरनं दाखवलं आहे की एकच शिरतो आणि दार लागते. एक पोरगी माझी असेल. मग दुसरी कोठून आली? जमनीला पाठवू नका. काय ते तांड्याच्या बैठकीत, पंचांपुढं होईल.

आमच्याकडं आधी जुळं झालं की म्हणायचे, बाईनं जोडकेळं खाल्लं असेल. त्या खुळ्या समजुतीनं कोणाचं घर मोडलं नव्हतं. आता विज्ञान शिकून मोडायला निघालं होतं. अर्ध्या हळकुंडानं पिवळा होणं म्हणतात ते हे. जमनी बिचारी खाटेवर बसून एका मांडीवर एक, दुसऱ्या मांडीवर एक, अशी नुसती दाराकडं बघत राहायची. खाणं तोंडात घोळवायची, गिळायची नाही. याडी मला म्हणायची, “तू शिकला नं? मंग कर काही.” बाळंतिणीला नवऱ्यानं टाकलं, तेही अशा कारणानं, तर त्या पोरींना पुढं कोण दारात उभं करील?

मी सरांना सांगितलं. ते स्टोव्हवर भात शिजवत होते. ऐकता ऐकता त्यांनी स्टोव्ह बंद केला.

“मी एका बीजात म्हटलं होतं,” ते म्हणाले. “एका बीजात. तुम्ही होते नं तिथं? मी नुसतं एकच नाही म्हटलं.”

“नाही म्हटलं सर. पण त्यानं तेवढंच ऐकलं.”

ते उठले, प्रयोगशाळेच्या कुलुपाला हात लावून आले, बसले, परत उठले. मग एकदम विचारलं, “बाळांमागून वार पडते नं, त्या किती पडल्या?”

मी ओशाळलो. बहिणीच्या बाळंतपणातली गोष्ट भावाला काय ठाऊक असणार?

“विचारून या. कधी कधी एकच बीज दुभंगते आन दोन पोरी होतात. तेव्हा बहुतेक वार एक असते आन पोरी एकसारख्या. तसं असलं तर बोलायचं कामच नाही. एक बीज, एक बाप. नक्की.”

त्यांच्या तोंडून ‘नक्की’ ऐकून माझ्या जिवात जीव आला. सायकल दामटत तांड्यावर गेलो. याडीला विचारलं. ती माझ्याकडं बघतच राहिली, ह्याचं डोकं फिरलं की काय म्हणून. मग म्हणाली, “दोन. दाईनं दोन्ही परसात पुरल्या.” खरं तर पोरींच्या तोंडाकडं पाहूनच मला कळायला हवं होतं. परत येताना सायकल मारवेना, हातात धरून चालत आलो.

सर म्हणाले, “मंजे दोन बीजं. प्रत्येकाचं दार वेगळं.”

“पण बाप तर एकच नं सर?”

सरांचा हात सदऱ्याच्या आत गेला.

“बहुतेक,” ते म्हणाले.

“बहुतेक?”

“मांजरीत होते, कुत्रीत होते. एका वेताचे पिल्लं, पण बाप वेगवेगळे. माणसात क्वचित. मी वाचलं आहे, पाह्यलं नाही.”

त्या ‘क्वचित’नं माझ्या तोंडचं पाणी पळालं. सरांना मी ओळखत होतो. पाण्यातल्या अळ्या साहेबांना दाखवणारा हा माणूस, बैठकीत कोणी विचारलं तर ‘क्वचित’ हा शब्द गिळणार नाही. मी त्यांचे हात धरले. म्हटलं, “सर, ते तेवढं बोलू नका. माझ्या बहिणीचा जीव आहे.”

“विचारलं नाही तर नाही बोलणार.”

“आन विचारलं तर?”

ते बराच वेळ किल्ली बोटांत फिरवत राहिले. मग अगदी हळू म्हणाले, “गुरुजी, मले लपवता येत नाही हो. येत असतं तर मीही कोठं खोली घेऊन राह्यलो नसतो?”

सरांना बैठकीला न्यायचंच नाही असं मी ठरवलं. पण जावयाच्या तांड्याच्या नायकाचा, म्हणजे तिथल्या प्रमुखाचा, सांगावा आला: ज्या मास्तरनं हे दाखवलं, त्यालेच घेऊन या. न्यायचं नाही म्हटलं तर आमच्याकडंच पाणी मुरतंय असं दिसलं असतं. दोन्हीकडून मरणच.

बैठकीच्या दिवशी सर मायक्रोस्कोपची पेटी घेऊन निघाले. म्हटलं, सर, बेडूक नाहीत, बीजं नाहीत, हे ओझं कायले? म्हणाले, असू द्या, हातात काहीतरी असलेलं बरं. एसटीत बसलो. गाडी सुटता सुटता त्यांनी माझ्याकडं वळून विचारलं, “गुरुजी, मी लावलं नं?”

आणि मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडलो. “सर, माझ्या बहिणीचं घर मोडून राह्यलं आन तुम्हाले कुलपाचं पडलं?” अख्खी गाडी आमच्याकडं बघायला लागली. सर एक शब्द बोलले नाहीत. फाटा येईपर्यंत किल्ली मुठीत घट्ट धरून बसले, आणि उतरताना मी पाहिलं तर तळहातावर तिचा लाल वळ उठला होता.

मोहाच्या झाडाखाली बैठक होती. नायक म्हातारा, डोळ्यांनी अधू, पण कान तिखट. एका बाजूला जावई आणि त्याचे भाऊबंद, दुसऱ्या बाजूला आमची माणसं. जमनी जरा दूर, डोक्यावरून ओढणी, दोन्ही पोरी मांडीवर. आम्ही जाताच कोणी तरी पाण्याचा लोटा आणला. सरांनी सवयीनं ओंजळ पुढं केली, वरून ओतायची वाट बघत. नायकानं लोटा घेऊन सरळ त्यांच्या हातात दिला. म्हणाला, “लोट्यानं प्या मास्तर. तुमच्यापाशी काम आहे आमचं.”

सर पाणी प्याले आणि उभे राहिले. सांगायला लागले: एका बीजात एकच शिरतो, हे खरं. पण बाईच्या पोटात कधी कधी एका वेळी दोन बीजं उतरतात. दोन बीजं, दोन दारं, दोन पोरी. एका बीजात दोन शिरले असते तर एकही पोरगी जगली नसती. दोन्ही धडधाकट आहेत, म्हणजे दोन्ही दारं वेळेवर लागली. तुमच्या शेळ्या दर वेताला दोन-दोन करडं देतात, एक काळं, एक पांढरं. दावणीला बोकड एकच असतो नं? लोकांत हं-हं झालं. एक म्हातारा हसला. जावयाची मान जराशी खाली गेली.

मी मनात म्हणत होतो, सर, आता बसा. आता बसा. आणि सर बसायला वाकलेही होते.

“मास्तर, थांबा,” नायक म्हणाला. “आम्ही कुत्रे पाळतो. कुत्रीले चार रंगाचे पिल्लं होतात, आन ते चार कुत्र्यांचे असू शकतात, हे आम्हाले ठाऊक आहे. बाईमाणसाचं तसं होऊ शकते का? एवढं सांगा.”

सरांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली, नाही म्हणा. सगळ्यांच्या देखत हलवली, मला लाज वाटली नाही. मग त्यांनी जमनीकडं पाहिलं. ती ओढणीआडून त्यांच्याकडंच बघत होती.

“होऊ शकते,” सर म्हणाले.

एकच गलका झाला. जावई ताडकन उठला, “ऐकलं? ऐकलं नं सगळ्यांनी?” याडीनं कपाळावर हात मारून घेतला. आणि त्या गोंधळात सरांचा आवाज आला, आठवीच्या वर्गावर ओरडतात तसा.

“माझं झालं नाही अजून. बसा खाली. मागच्या वेळी तुम्ही अर्धं ऐकून उठून गेलते, म्हणून आज हे सगळे इथं जमले आहेत. या वेळी पूर्ण ऐकून जा.”

जावई बसला. का बसला कोण जाणे, पण बसला.

“होऊ शकते, पण फार क्वचित. मी पाह्यलं नाही, पाह्यलेला माणूसही मले भेटला नाही. आता दुसरं ऐका. एकच पोरगी झाली असती, तरी ती कोणाची हे पाहून सांगायचं यंत्र माझ्यापाशी नाही. ही पेटी आणली आहे, हिच्यातून ते दिसत नाही. नागपूरले रक्त तपासतात, त्याच्यानं कधीमधी ‘हा नाही’ एवढं कळते. ‘हाच’ असं सांगणारा जगात कोनी नाही. या झाडाखाली बसलेल्या कोणत्याच माणसाचा बाप मी सिद्ध करून देऊ शकत नाही. पावण्यांचा नाही, नायक, तुमचा नाही, माझाही नाही.”

आता मार बसतो, असं मला वाटलं. कोणाचा तरी हात काठीकडं गेलेला मी पाहिला. सरांना ते दिसलं की नाही कोण जाणे, ते आपले बोलतच राहिले.

“मी माझ्या मायच्या शब्दावर चाललो. तुम्हीही चालले. जुळं झालं म्हणून हिच्यावर संशय आला, पण जुळ्यानं काहीच सिद्ध होत नाही. एक झाली असती तर जेवढा भरवसा ठेवला असता, तेवढाच दोघींवर ठेवायचा की नाही, एवढाच प्रश्न उरते. त्याचं उत्तर विज्ञानात नाही. ते तुम्ही द्या.” आणि खाली बसता बसता, “आता झालं.”

एक पोरगी कुरकुरली, जमनीनं तिला थोपटलं. मग नायकानं जावयाला विचारलं, “फेरे घेतले तेव्हा तू कोण्या मास्तरले विचारून घेतलते का रे?”

जावयानं मान हलवली.

“मंग आता कायले विचारतो?”

निकाल झाला. दोन्ही पोरी त्याच्याच. जावयानं पुढच्या बाजाराच्या आत सासरवाडीला जायचं आणि बाईला मानानं घेऊन यायचं. आमची माणसं पाया पडली, याडी रडली. माझी काळजी मात्र गेली नव्हती, कारण जमनी काहीच बोलली नव्हती. निघताना ती सरांपाशी थांबली. तिनं एवढंच विचारलं, “सर, ते दार आतूनच लागते नं? नक्की?”

“नक्की,” सर म्हणाले. “हे मी स्वतः पाह्यलं आहे.”

मधले दिवस माझे कसे गेले ते मलाच ठाऊक. जावई येतो की नाही, आला तर कुठल्या तोंडानं येतो, आणि नाहीच आला तर पुन्हा बैठक, पुन्हा सरांना कोणी नवीन प्रश्न विचारणार. मधल्या रविवारी याडीनं सरांना जेवायला बोलावलं होतं. गावात एवढे दिवस काढून कोणाच्या घरी पाटावर बसून जेवायची त्यांची ती पहिलीच वेळ. भाकरी खाताना सुद्धा एका हातानं किल्ली चाचपत होते. आम्ही हात धुवून अंगणात बसलो आणि जावई आला.

नवा पटका, खांद्यावर नवी घोंगडी, हातात बांगड्यांची पुडी. सोबत दोन म्हातारे. मला हुश्श झालं. याडी लगबगीनं चहाला लागली. जावई दारापर्यंत गेला तर दार बंद.

“जमनी,” त्यानं हाक मारली. “दार उघड. न्यायले आलो.”

आतून काही नाही.

“उघड नं वं.” याडी म्हणाली. “पावणे आले.”

काही नाही. एक पोरगी आत रडली आणि गप्प झाली. जावयाच्या सोबतच्या म्हाताऱ्यांनी एकमेकांकडं पाहिलं. एवढं सगळं होऊन, नायकाचा शब्द पडून, आता हिच्या हट्टापायी हा पाठ फिरवून गेला तर? गेला की कायमचा गेला. मी दार ढकलायला उठलो. पण माझ्या आधी सर उठले होते.

दार म्हटल्यावर दुसरं काय होणार? आता हे ओढणार, हलवणार, कान लावणार, मला माहीत होतं. त्यांनी हात दाराजवळ नेला, फळीवर टेकवला, आणि परत घेतला. मग जावयाकडं वळले.

“बसा पावणे,” ते म्हणाले. “लागलेलं आहे. आतून.”

जावई तसाच उभा राहिला. सरांनी खाटेवर त्याच्यासाठी जागा केली. तेव्हा त्यानं पुडी मांडीवर ठेवली आणि बसला. चहा आला, गार झाला. ऊन अंगणातून सरकत कुडापाशी गेलं. जावयाचे म्हातारे खाकरले, कुरकुरले, पण जावई उठला नाही.

दार उघडलं ते बऱ्याच वेळानं, आणि तिनंच उघडलं. दोन्ही काखांत दोन पोरी. म्हणाली, “न्यायच्या तर दोघी.” त्यानं दोन्ही हात पुढं केले.

तोवर तो आमच्या अंगणात बसून होता आणि त्याच्या शेजारी सर, किल्लीला हात न लावता, एकदाही वळून दाराकडं न बघता.